सरफेस गेज आधी की हाइट गेज? बेंचवर्क शिकणाऱ्यांसाठी

कानस जरा सरळ चालू लागली, गुण्या लावल्यावर पलीकडचा उजेड कमी दिसू लागला, की बेंचवर्क, म्हणजे बेंचवर हाताने करायचं फिटरकाम, शिकणाऱ्यापुढे खरेदीचा पहिला मोठा प्रश्न येतो. स्टीलपट्टी, रेष मारायचा स्क्रायबर, ठिपके मारायचा डॉट पंच, कडेपासून रेष मारायचा जेनी कॅलिपर एवढं बहुतेकांकडे असतंच. आता सपाट मार्किंग प्लेटवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, उभा करून नेमक्या उंचीवर रेष मारायची, तर सरफेस गेज (जड तळावरच्या दांड्याला नटाने आवळलेली सुई) घ्यायचं की सरळ व्हर्नियर हाइट गेज (मापाच्या उभ्या पट्टीवर सरकणारं रेष मारायचं टोक)? दोन्ही एकदम घेणं सगळ्यांना परवडत नाही, आणि दुकानदार त्याच्याकडे जे शिल्लक असेल तेच चांगलं म्हणतो.

मी दोन्ही वापरतो. घरच्या बेंचसाठी एक निवडायची वेळ आली तेव्हा जुन्या मंडळींचा सल्ला ठरलेला होता: आधी सरफेस गेज, हात बसू दे, मग हाइट गेजचं बघू. ज्यांनी हे सांगितलं त्यांचे हात माझ्यापेक्षा कितीतरी तयार होते, त्यामुळे सल्ला चुकीचा होता असं म्हणायची माझी छाती नाही. पण मी तो मानला नाही. का, ते पुढे येईलच.

आधी सरफेस गेजच्या बाजूने. कोल्हापूरकडे, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मार्किंग होताना पाहिलंत तर हाइट गेजची आठवणसुद्धा येणार नाही. कच्च्या कास्टिंगला प्लेटवर टेकायला सपाट बाजूच नसते. खाली तीन जॅक द्यायचे, अंगावर खडू किंवा चुना फासायचा आणि सुई चारही बाजूंनी फिरवत बघायचं. इथे बॉसला (उंचवट्याला) मटेरियल जास्त आहे, तिथे फ्लँजला (पसरट कडेला) कमी पडतंय. मग एक जॅक किंचित वर, दुसरा किंचित खाली. हे मटेरियल वाटून घेण्याचं काम आहे. तिथे 0.02 मिमीच्या लीस्ट काउंटला (गेजवर वाचता येणाऱ्या सर्वांत लहान मापाला) काही अर्थ नसतो, नजरेला असतो. सुईचं वाकवलेलं टोक खाचेत, बॉसच्या मागे, कुठेही पोचतं. तळाच्या व्ही खाचेमुळे गेज गोल शाफ्टवर बसतं, तळातल्या दोन पिना खाली दाबल्या की प्लेटच्या कडेला धरून सरळ चालतं. सुई काढून डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं घड्याळ) लावला की पॅरलल तपासता येतं. लेथवर चार जबड्यांच्या चकमध्ये चौकोनी जॉब सेट करतानाही बेडवर ठेवून तेच उपयोगी पडतं. एवढ्याशा लोखंडाच्या ठोकळ्याकडून याहून जास्त काय मागणार.

मग अडचण काय? अडचण सुई आवळायच्या नटात आहे.

सरफेस गेजला स्वतःचं माप नसतं. ते पट्टीवरून घ्यावं लागतं. पट्टी प्लेटवर उभी करायची, सुईचं टोक 48 च्या रेघेवर आणायचं आणि नट आवळायचा. आता प्रत्यक्षात हे करून बघा. पट्टी आपोआप उभी राहत नाही. तिला काटकोनी अँगल प्लेटला टेकवून डाव्या हाताने धरा. उजवा हात नटावर. तळ कोण धरणार? कसंबसं जमवून नट आवळला, की आवळण्याच्या शेवटच्या पाव फेऱ्यात सुई हळूच मान हलवते. होती 48 वर, गेली 48.3 वर. पुन्हा ढिला करा, मुद्दाम थोडी खाली लावा, पुन्हा आवळा. आता ती हललीच नाही, म्हणजे 47.7 वर राहिली.

यावर जाणकार लगेच सांगतील की बारीक सेटिंगचा स्क्रू त्यासाठीच असतो: नट आधी आवळून टाकायचा, मग स्क्रूने सुई रेघेवर आणायची. बरोबर आहे, पद्धत तीच. चांगल्या बनावटीच्या गेजवर ती झकास चालते. पण शिकणारा ज्या किमतीचं गेज घेतो, त्यात त्या स्क्रूखालची स्प्रिंग मरतुकडी असते. तळ प्लेटवर जरा जोरात टेकला तरी सेटिंग सरकतं. त्यात पट्टीची भानगड वेगळी. पट्टीचं टोक वापरून घासलेलं असतं. इतर ठिकाणी आपण 10 च्या रेघेपासून मोजून त्यातून सुटका करून घेतो. इथे पट्टी टोकावरच उभी करायची असल्यामुळे ती सोयही नाही. स्लिप गेजच्या, म्हणजे नेमक्या जाडीच्या ठोकळ्यांच्या, चवडीवरून सुई लावून घेतली तर प्रश्न मिटतो, हेही खरं. फक्त स्लिप गेजचा बरा संच घ्यायला जाल तर हाइट गेज त्याहून स्वस्त पडेल.

ही कटकट मी सहन केलीही असती. सहन झाली नाही ती तिच्यामुळे पुढे होणारी गोष्ट. सुरुवातीचा नेहमीचा जॉब घ्या: 50 मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) फ्लॅटमधून 48 चा चौरस. दोन लगतच्या बाजू कानसून काटकोनात आणल्या, त्या प्लेटवर टेकवून उरलेल्या दोन बाजूंना 48 ची रेष मारली, रेषेवर बारीक डॉट मारले. आता डॉट अर्धे राहतील इतकंच कानसायचं. तासभर घाम गाळून डॉट अगदी अर्धे ठेवले, आनंदाने कॅलिपर लावला आणि माप आलं 47.7. आता चूक कुणाची? कानस जास्त चालली, की रेषच 47.7 वर होती? सरफेस गेजवर शिकणाऱ्याला याचं उत्तर मिळत नाही. ज्याचा हात तयार आहे त्याला रेष कुठे होती ते डॉटकडे बघून समजतं. नवख्याला कसं समजावं? तो दोन्हीकडे संशयाने बघत राहतो आणि शेवटी दोन्ही गोष्टी शिकायच्या राहतात.

हाइट गेजवर तोच जॉब केला आणि 47.7 आलं, तर खापर फोडायला जागा उरत नाही. रेष 48 वरच होती. इकडेतिकडे झाली असेल तर शतांशात. म्हणजे गडबड कानसकामात आहे. मग जॉब उजेडाकडे धरून बघायचं: आपल्याकडच्या कडेला डॉट अर्धे आहेत पण पलीकडच्या कडेचे साफ गेले आहेत, म्हणजे स्ट्रोकच्या शेवटी कानस पुढे झुकतेय. हे एकदा दिसलं की दुरुस्त करता येतं.

नट आवळताना हाइट गेजची स्लाइडही किंचित सरकते. स्वस्तातल्या गेजमध्ये तर नक्कीच. पण सरकली की समोरच्या स्केलवर दिसते. 48.00 ऐवजी 48.04 वाचलं की आपण फाइन स्क्रूने परत आणतो. सरफेस गेज सरकलं तरी बोलत नाही. माझ्यासाठी तराजू झुकला तो एवढ्यावरच.

'हात बसू दे' या सल्ल्याबद्दल माझं विनम्र मत असं, की हात बसवायचा तो कानसेवर, करवतीवर आणि पंचावर. नट किती जोरात आवळायचा यावर हात बसवण्यात उमेदीचे महिने घालवण्याची गरज नाही. आयटीआयच्या फिटर ट्रेडची दोन वर्षं मिळतात तिथे सगळं क्रमाने होतं, जेनी कॅलिपर आणि पट्टीपासून सुरुवात होते, वर चूक दाखवायला निदेशक असतात. घरी, सुट्टीच्या दिवशी, एकट्याने शिकणाऱ्याला चूक दाखवणारं कुणीतरी हवं असतं. ते काम हाइट गेज बऱ्यापैकी करतं.

हाइट गेजची दुखणी सांगितली नाहीत तर अन्याय होईल. पहिलं, ते प्लेटपासून मोजतं, म्हणून खाली टेकलेली बाजू खरी हवी. एक बर (कडेला राहिलेली धातूची कूस) किंवा लोखंडाचा एक कण जॉबखाली राहिला, की गेज बिनचूक वाचून चुकीची रेष मारतं. जॉब ठेवण्याआधी तळहाताने प्लेट पुसायची सवय लावून घ्या. कपड्याला न सापडलेला कण हाताला सापडतो. दुसरं, स्क्रायबरचं कार्बाइड टोक. ते ठिसूळ असतं. जॉबवर आपटलं की कपची उडते आणि रेष दुहेरी किंवा जाड यायला लागते. घरच्या ग्राइंडरच्या करड्या व्हीलवर ते धड लागत नाही, हिरवं व्हील लागतं, आणि धार लावायची ती फक्त वरच्या उतरत्या बाजूला. खालच्या सपाट बाजूला व्हील लागलं की शून्य गेलं. बऱ्या गेजमध्ये मुख्य पट्टी थोडी वरखाली करून शून्य परत जुळवता येतं, पण ती वेळ का आणा. सरफेस गेजच्या सुईला असले लाड लागत नाहीत, कुठेही घासा.

रेष मारताना दाबू नका. तळ प्लेटवर घट्ट, टोक जॉबला तिरकं, आणि रेष एकाच ओढीत. मोरचुदाचं पाणी लावून तांबूस केलेल्या स्वच्छ पोलादावर कार्बाइडची रेष इतकी कडक उमटते की डॉट पंचाचं 60 अंशाचं टोक तिच्यावरून आडवं सरकवलं तर रेषेत अडकल्याचं बोटांना कळतं. पंच तिथेच उभा करायचा, हलकी टिचकी, मग भिंगातून बघून 90 अंशाचा सेंटर पंच. ड्रिल भरकटण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात, असा माझा अनुभव आहे. ॲल्युमिनियमवर मात्र मोरचूद नको, तिथे मार्किंगची निळी शाई.

कुणी म्हणेल, मिलिंग मशीनला डीआरओ (माप आकड्यांत दाखवणारा डिजिटल रीडआउट) आहे, मार्किंग हवंय कशाला? डीआरओ शतांश सांभाळतो. आकडा घालताना 35 चे 53 झाले तर तो काही बोलत नाही. समोर रेष असेल तर ड्रिल टेकायच्या आधीच डोळा ओरडतो.

खरेदीचं थोडक्यात. शिकण्यासाठी 300 मिमीचं साधं व्हर्नियर गेज पुरे. डिजिटल छान असतं, पण सेल नेमका रविवारी संध्याकाळी बसतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला दोन-चार दुकानं फिरून हातात घेऊन बघा. स्लाइड पूर्ण खाली आणून टोक प्लेटला टेकवा आणि शून्य वाचा. मग नट आवळून पुन्हा वाचा. दोन वाचनांत फार फरक पडत असेल तर दुसरा नग मागा. ग्रॅनाइट प्लेट लगेच जमत नसेल तर 12 मिमीची जाड काच सपाट प्लायवर ठेवून सुरुवातीला भागतं. फक्त गेज अलगद टेकवा.

आणि काम कास्टिंगचंच असेल, किंवा घरी लेथ आधीपासून असेल, तर माझं सगळं बाजूला ठेवून सरफेस गेजच घ्या. बाकीच्यांनी ते नंतर घेतलं तरी चालेल, तेही जुनंच. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असली जड, जुनी गेजं अधूनमधून मिळतात. तळाच्या पिना गंजून अडकलेल्या नाहीत ना, बारीक स्क्रूची स्प्रिंग जिवंत आहे ना, एवढं बघा, आणि डायल लावायचा आडवा रॉड सोबत आहे का ते भाव ठरण्याआधी विचारा.