यशिका-मॅट १२४ जी की रोलीकॉर्ड: कोल्हापुरात राहून सांभाळायचा कोणता?

वरून डोकावून पाहायचा आणि १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मवर बारा चौकोनी फोटो देणारा जुना कॅमेरा घ्यायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांची निवड आपल्याकडे बहुतेक वेळा यशिका-मॅट १२४ जी आणि रोलीकॉर्ड या दोघांवर येऊन थांबते. माझ्याकडे हे दोन्ही कॅमेरे आहेत. १२४ जी वडिलांच्या स्टुडिओतून आला आणि रोलीकॉर्ड फाइव्ह-ए मी पुढे विकत घेतला. दोन्हींचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. यशिकाने १२४ जी १९८६ च्या सुमारास बंद केला, तर ब्राउनश्वाइगच्या फ्रांके अँड हायडेके कंपनीने १९३३ मध्ये सुरू केलेली रोलीकॉर्डची मालिका १९७० च्या दशकात संपली. त्यामुळे फोटो कोणता अधिक सुंदर देतो यापेक्षा, बिघडला तर कोणता कोल्हापुरात बसून पुन्हा चालता करता येईल, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि मी येथे त्याविषयीच लिहिणार आहे.

फोटोंचा विषय थोडक्यात संपवतो. यशिकाची ८० मिलिमीटरची यशिनॉन आणि रोलीकॉर्डची ७५ मिलिमीटरची श्नायडर झेनार या दोन्ही लेन्स चार काचांच्या, एकाच घराण्यातल्या आहेत. लेन्सचे छिद्र एफ ८ किंवा त्याहून लहान केले की दोन्हींच्या निगेटिव्ह शेजारी ठेवल्या तर मला त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. पूर्ण उघड्या छिद्रावर झेनारचे कोपरे मला थोडे अधिक मऊ वाटतात, परंतु ते माझ्या हातातल्या एका लेन्सपुरते असू शकेल.

आपल्या हवेत दोन्हींचा पहिला शत्रू बुरशी हाच आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कपाटातले कपडेही दमट लागतात, आणि चामड्याच्या मूळ पेटीत बंद करून ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या काचांवर एकाच पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू उमटलेले मी पाहिले आहेत. या बाबतीत दोन्ही कॅमेरे सारखेच सोयीचे आहेत. लेन्सचा पुढचा भाग शटरमध्ये आट्यांनी बसवलेला असतो, तो रबराच्या गोल बुचाने दाबून फिरवला की सुटतो आणि आतली काच पुसता येते. मागच्या भागासाठी दोन टोकांचा पाना लागतो. तो मी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यांकडून करून घेतला, आणि गेली कित्येक वर्षे तोच पाना दोन्ही कॅमेऱ्यांना चालतो आहे. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर मात्र पुसून काही उपयोग होत नाही, म्हणून घेतानाच मोबाइलच्या टॉर्चचा उजेड लेन्सच्या मागून मारून पाहावे. चामड्याची पेटी माळ्यावर ठेवून द्यावी आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. जेलचे निळे दाणे गुलाबी पडले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात.

वरच्या लेन्सचे चित्र डोकावायच्या काचेवर पाडणारा आरसा दोन्हींत समोरून चांदी चढवलेला असतो आणि दोन्हींत तो वयाने काळवंडतो. त्याला कापडाने घासू नये. बाद झालेल्या झेरॉक्स यंत्रात किंवा जुन्या स्कॅनरमध्ये अशाच समोरून चांदी असलेल्या आरशाच्या पट्ट्या मिळतात आणि काच कापणारा माणूस त्यातून हव्या मापाचा तुकडा काढून देतो. जाडी मात्र मूळ आरशाइतकीच हवी, नाही तर वरच्या काचेवर स्पष्ट दिसलेली गोष्ट फिल्मवर अस्पष्ट येते. माझ्या रोलीकॉर्डमध्ये मी हा बदल केला, आणि त्याच्या अंधाऱ्या वाटणाऱ्या पडद्याविषयीची माझी निम्मी तक्रार त्या दिवशी मिटली.

येथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. यशिकाच्या मागच्या दाराला प्रकाश अडवण्यासाठी स्पंजच्या पट्ट्या लावलेल्या असतात, आणि आज त्या जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात काकवीसारख्या चिकट झालेल्या आढळतात. स्पिरिटने खरवडून तिथे काळी मखमल किंवा काळ्या लोकरीचा धागा बसवणे हे एका दुपारचे काम आहे, पण ते करावे लागते. माझ्या रोलीकॉर्डच्या दारात स्पंज नाही. दाराची कडा खाचेत बसते आणि प्रकाश तिथेच अडतो, त्यामुळे कुजण्यासारखे काही नाही. उलट रोलीकॉर्डचे चामडे वाळून उचलते. पातळ छिललेले बकऱ्याचे चामडे चप्पल लाइनमध्ये ओळखीने मिळू शकते आणि ते सुतारांच्या लाखेच्या पॉलिशने चिकटवले तर पुढे कधी उघडायची वेळ आल्यास न फाटता निघते. घट्ट बसणाऱ्या आधुनिक गोंदांचा मोह टाळावा, कारण दोन्ही कॅमेऱ्यांत आत जाण्याचे स्क्रू याच आवरणाखाली दडलेले असतात.

यशिकात प्रकाशमापक आहे आणि माझ्या रोलीकॉर्डमध्ये नाही, ही गोष्ट नव्या माणसाला फार मोठी वाटते. मलाही वाटली होती. तो मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला होता आणि ते सेल आता बनत नाहीत. त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा सेल घातला तर काटा चुकीचे सांगू लागतो. यावर माझा उपाय कर्णयंत्राच्या दुकानात मिळणारा ६७५ क्रमांकाचा सेल हा आहे. त्याचा व्होल्टेज मूळच्या जवळचा आहे, फक्त तो व्यासाने लहान असल्याने त्याभोवती पितळेची कडी घालावी लागते, आणि स्टिकर काढल्यावर तो वापरला नाही तरी काही आठवड्यांत संपतो. वरचे झाकण उघडले की मापक चालू होतो, म्हणून झाकण उघडे ठेवून कॅमेरा विसरला तर तो आणखी लवकर संपतो. एवढे करूनही पन्नाशीकडे झुकलेला तो मापक मला कडक उन्हात बरोबर आणि महालक्ष्मी मंदिराच्या परिसरातल्या संध्याकाळच्या उजेडात संशयास्पद वाटतो. आता मी दोन्ही कॅमेऱ्यांसाठी हातातला वेगळा मापक वापरतो, त्यामुळे माझ्या हिशेबात यशिकाचा हा गुण जवळजवळ वजा झाला आहे. तुमचा मापक चांगला निघाला तर तुमचा हिशेब वेगळा येईल, हे मान्य करतो.

ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला, तो फिल्म पुढे सरकवण्याचा आहे.

यशिकाच्या बाजूला घडीची मूठ आहे. ती फिरवली की फिल्म पुढे सरकते आणि त्याच कामात शटरही चढते, म्हणजे पुढच्या फोटोसाठी ताणून तयार होते. चालू असताना याच्याइतके सुख नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत, गुलाल उधळला जात असताना आणि सासनकाठ्या डोक्यावरून पुढे सरकत असताना, डोळा न काढता एकामागून एक फोटो काढता येतात. परंतु एका यात्रेनंतर घरी फिल्म धुतली तेव्हा चौथा आणि पाचवा फोटो एकमेकांवर बोटभर चढलेले दिसले, सातव्या-आठव्यामध्ये मात्र रिकामी जागा होती. पुढच्या रोलमध्ये तेच झाले, फक्त फोटोंचे क्रमांक बदलले. बारा फोटोंच्या रोलमध्ये असे दोन-तीन फोटो गेले की काय वाटते, ते फिल्मचा आजचा भाव माहीत असलेल्यांना सांगायला नको. कोणता फोटो जाणार हे आधी कळत नसल्यामुळे मी महत्त्वाच्या प्रसंगी प्रत्येक फोटो दोनदा काढू लागलो, म्हणजे बारांचे सहा झाले.

तो कॅमेरा मी दुसऱ्या शहरातल्या एका कारागिरांकडे पाठवला. तीन महिन्यांनी तो परत आला, दोन महिने नीट चालला आणि पुन्हा तेच सुरू झाले. मग एके दिवशी मूठ अर्ध्यात अडली. अशा वेळी हात आपोआप थोडा जोर लावतो, मीही लावला आणि आतून बारीक कट् असा आवाज आला. बाजूचे आवरण सोलून उघडल्यावर एका लहान चाकाचा दात गेलेला दिसला. पण खरे कारण त्या चाकाजवळ नव्हतेच. पावसाळ्यात शटरमधले वाळके तेल घट्ट होऊन शटर चढायला जड झाले होते, आणि तो सगळा भार मुठीवाटे फिल्मच्या चाकांवर पडला होता. दुखणे एकाचे आणि मोडले दुसरेच, असा हा प्रकार झाला. त्यामुळे मोजणीची खिट्टी आळसावली आहे, चाक झिजले आहे की शटर जड झाले आहे, हे बाहेरून ओळखणे मला तरी कधीच जमले नाही, आणि कारण न कळता उघडलेला कॅमेरा हे माझ्या मते दुरुस्तीतले सर्वांत मोठे संकट असते.

रोलीकॉर्डमध्ये ही दोन कामे वेगळी ठेवली आहेत. बाजूचे गोल बटण अडेपर्यंत फिरवून फिल्म पुढे घ्यायची. नंतर लेन्सखालची कळ एका बाजूला सरकवली की शटर चढते आणि उलट बाजूला सरकवली की सुटते. स्वस्त कॅमेरा म्हणून ठेवलेली ही साधी रचना सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने मला वरदान वाटते. मागच्या एका श्रावणात माझ्या रोलीकॉर्डचे शटर एक सेकंदाच्या गतीवर उघडून तसेच राहू लागले. फिल्म मात्र निर्वेध पुढे जात होती, म्हणजे दोष शटरमध्येच आहे हे त्याच क्षणी कळले. पुढची पट्टी काढून मी तो शहरातल्या एका जुन्या घड्याळजींकडे नेला. मंद गतींसाठी शटरमध्ये घड्याळासारखीच बारीक दातेरी चाके असतात, ती कॅमेऱ्याची की घड्याळाची याने त्यांच्या हाताला फरक पडला नाही. पेट्रोलमध्ये धुऊन, पात्यांवर तेलाचा थेंबही न जाऊ देता, चौथ्या दिवशी त्यांनी कॅमेरा परत दिला. एका सेकंदाची ती सलग घर्र तेव्हापासून तशीच ऐकू येते, आणि दर महिन्याला सर्व गती एकदा चालवून ती ऐकणे एवढीच माझी तपासणी आहे.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा असलेले हे गाव आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा येथेच घडवला, आणि लेथवर पितळ कातणारे हात उद्यमनगरात आजही आहेत. कॅमेऱ्याचे वेगळे दुरुस्तीचे दुकान माझ्या माहितीत नसले तरी घड्याळजी, लेथवाले आणि चामड्याचे कारागीर आहेत. रोलीकॉर्डचा बिघाड या तिघांपैकी एकाच्या वाट्याला सरळ देता येतो. यशिकाचा बिघाड आधी कोणाच्या वाट्याचा आहे हेच ठरत नाही.

रोलीकॉर्डचे दोष मी लपवू इच्छित नाही. कळ आडवी सरकवावी लागत असल्याने १/३० च्या खाली कॅमेरा हलतो, म्हणून मी तारेचा खटका लावतो. शटर चढवायला विसरले तर समोरचा क्षण जातो, आणि सुरुवातीला असे अनेकदा होते. १/५०० ही गती शटर चढवण्याआधीच लावावी लागते. वयाने तो यशिकापेक्षा मोठा, त्यामुळे फोकसचे वंगण वाळलेले असण्याची शक्यता जास्त. सुट्ट्या भागांसाठी तर यशिका निःसंशय पुढे आहे. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये यशिका इतके होते की मोडका एखादा आजही हाती लागतो आणि त्यातले चाक आपल्याला मिळते. माझ्या यशिकाचा तुटलेला दात असाच एका मोडक्या कॅमेऱ्यातून भरून निघाला, आणि सध्या तो बरा चालतो आहे. पुढचे सावलीचे टोपण आणि फिल्टर दोन्हींना एकाच मापाचे लागतात, त्यामुळे त्या सामानावर निवड अडत नाही.

तुम्ही लग्नकार्ये, यात्रा, मिरवणुका यांसाठी कॅमेरा घेत असाल आणि वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या जाणत्या कारागिराकडे पाठवण्याची तयारी असेल, तर यशिकाला नाही म्हणणे मला जड जाईल. रंकाळ्यावर पहाटे, पन्हाळ्याच्या धुक्यात किंवा घरातल्या माणसांसमोर सावकाश बसून फोटो काढणार असाल, तर मी रोलीकॉर्डच घ्यायला सांगेन, आणि फाइव्ह-ए न मिळाल्यास नंतरचा फाइव्ह-बी पाहा असे सुचवेन, कारण त्याचे वरचे झाकण निघते आणि पडदा पुसणे सोपे जाते.

यशिकाच घ्यायचा ठरला, तर विक्रेत्याने मूठ फिरवून आणि शटर वाजवून दाखवले म्हणून समाधान मानू नका. त्या कॅमेऱ्यातून अलीकडेच निघालेली, न कापलेली निगेटिव्हची सबंध पट्टी मागा आणि ती उजेडात धरून बाराही फोटोंमधल्या मोकळ्या जागा पाहा. पट्टी नसेल तर एक रोल स्वतःच्या खर्चाने नुसत्या भिंतीवर काढून धुऊन घ्या. जागा सारख्या असतील तर व्यवहार करायला हरकत नाही.