कॅरॅव्हॅनसाठी स्कोडा कोडिॲक: दोन्ही १५० पीएसच्या, तरी डिझेलच का घ्यावी

ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर) ओढायला पहिल्या पिढीची, वापरलेली कोडिॲक बघत असाल, तर निवड बहुधा दोन इंजिनांवर येऊन थांबते. १.५ टीएसआय पेट्रोल आणि २.० टीडीआय डिझेल, पॉवर दोन्हींची १५० पीएस (१ किलोवॉट म्हणजे सुमारे १.३६ पीएस). (भारतात २०१७ मध्ये कोडिॲक आली ती याच डिझेल इंजिनासह.) टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, मात्र वेगळा: पेट्रोलचा २५० न्यूटन मीटर, १,५०० ते ३,५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) पट्ट्यात, डिझेलचा ३४०, १,७५० ते ३,००० मध्ये.

याचा अर्थ चढावर कळतो. २,००० आरपीएमला डिझेल साधारण ९७ पीएस देतं, पेट्रोल ७१. आता गाडी, माणसं आणि कॅरॅव्हॅन मिळून ३,२०० किलो धरा, ६ टक्के चढ, वेग ताशी ५० मैल. चढ, टायर आणि वारा यांवर मात करायला चाकांपाशी सुमारे ७० किलोवॉट लागतात, गिअरबॉक्समधली गळती धरून इंजिनाकडून ७८ च्या आसपास. डिझेल हे २,२०० आरपीएमला देतं. पेट्रोलला ३,००० पर्यंत चढावं लागतं. वेग तोच, पण आवाज, उष्णता आणि इंधन सगळंच पेट्रोलमध्ये जास्त.

पण टॉर्कचं कौतुक इथेच थांबवायला हवं. तोच चढ ताशी ६० मैलांनी चढायचा म्हटला, तर वाऱ्याचा विरोध इतका वाढतो की इंजिनाकडून १०५ किलोवॉट लागतात, म्हणजे १५० पीएसपैकी जवळजवळ सगळे. डिझेल ३,००० च्या आसपास, पेट्रोल ४,००० च्या बरंच वर, आणि दोघांच्याही हाताशी काही उरत नाही. समोरून वारा आला की वेग पडणारच. चढ किती वेगाने चढाल हे पॉवर ठरवते. किती निवांत चढाल हे टॉर्क. मोटरवेच्या लांब चढांवर ६० टिकवायचेच असतील, तर १९० पीएस, ४०० न्यूटन मीटरचं डिझेल शोधा.

डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) एक खोड माहीत असू द्या. डी (नेहमीच्या मोड) मध्ये ती इंधन वाचवायला वरचा गिअर लवकर टाकते, आरपीएम १,५०० च्या खाली येतात आणि टर्बोचा दाब पुरेसा नसताना इंजिन घुसमटतं. चढ दिसला की आधीच एस (स्पोर्ट) मध्ये टाका किंवा हाताने एक गिअर उतरवा, क्रूझ कंट्रोल बंद करा. उतारावरही गिअर आधीच खाली घ्या, नाहीतर सगळा भार ब्रेकवर जातो.

गाडीची ओढण्याची अधिकृत मर्यादा ठरवताना १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा गाडी भार घेऊन थांबल्या जागेवरून निघते का, हे बघतात. म्हणजे ती मर्यादा निघण्याची आहे, आरामात धावण्याची नव्हे. नवशिक्यांसाठी कॅरॅव्हॅन क्लबांचा सल्ला असा, की कॅरॅव्हॅनचं भरलेलं वजन गाडीच्या कर्ब वेटच्या (रिकाम्या गाडीच्या वजनाच्या) ८५ टक्क्यांत ठेवावं. ४x४ (चारही चाकांना ताकद मिळणारी) डिझेल डीएसजी पावणेदोन टनांच्या घरात आहे, म्हणजे १,४०० किलोंची कॅरॅव्हॅन तिला शोभते.

४x४ चा आग्रह धरा. टोबॉलवरचा (कॅरॅव्हॅन अडकवायच्या गोळ्यावरचा) भार मागचा भाग दाबतो आणि पुढची चाकं हलकी करतो. ओल्या गवतावर किंवा चढावर निघताना फ्रंट व्हील ड्राइव्हची चाकं जागच्या जागी फिरतात, मग टॉर्क कितीही असो. हा भार कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के हवा, १,४०० किलोंना ७० ते ९८, आणि टोबारच्या (टोबॉल बसवलेल्या दांड्याच्या) पट्टीवर लिहिलेल्या मर्यादेत. तो कमी पडला तर कॅरॅव्हॅन मागे डुलू लागते, त्यावर जास्त पॉवर हा उपाय नाही. मागच्या लॉकरमधलं जड सामान ॲक्सलवर आणा. घर्षणाचा स्टॅबिलायझर (डुलणं रोखणारं उपकरण) असेल तर टोबॉलला ग्रीस लावू नका, त्याचे पॅड निकामी होतात.

कॅरॅव्हॅन वर्षातून दोनदाच निघणार आणि एरवी गाडी शाळा-बाजाराच्या छोट्या फेऱ्यांना, असं असेल तर डिझेल घेऊ नका. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तापून साफ व्हायला वेळच मिळत नाही, तो तुंबतो. मग १,२०० किलोंच्या आतली कॅरॅव्हॅन निवडून पेट्रोल घ्या आणि चढावर ३,५०० आरपीएमचा आवाज ऐकायची तयारी ठेवा.