टेप की हार्ड डिस्क?

सीए मित्र विचारतोय, ऑफिसच्या सर्व्हरचा बॅकअप एलटीओ टेपवर (डेटा साठवायची चुंबकीय फितीची कॅसेट) घेऊ की यूएसबी डिस्कवर?

खर्चात डिस्कच. टेप स्वस्त, पण ती वाचणारा-लिहिणारा ड्राइव्ह लाखांत जातो. खोक्यावरचे ३० टीबी विसरा, तो डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) धरलेला आकडा. एलटीओ-८ मध्ये (आठव्या पिढीची टेप) खरे १२ मावतात, पीडीएफ-फोटो आणखी दाबले जात नाहीत.

टिकाऊपणात टेप. आमची एक डिस्क टेबलावरून पडली, मग नुसती टकटक वाजत राहिली. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सर्व्हरसोबतच गिळतं; टेप कपाटात सुखरूप. मात्र एलटीओ-८ ड्राइव्ह एलटीओ-६ची टेप वाचत नाही.

कटकट टेपची जास्त: लेबलं, अदलाबदल, ड्राइव्ह साफ करायची क्लीनिंग कार्ट्रिज.

डेटा एक-दोन टीबी असेल तर तीन डिस्क आलटून-पालटून वापर, एक घरी ठेव. वीस-तीस टीबी वर्षानुवर्षं जपायचे असतील तरच टेप.