वाटीचं माप ग्रॅममध्ये : स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काही महिने वापरल्यावर

गणपतीच्या आधी ५ किलोपर्यंतचा साधा डिजिटल काटा घेतला. दिवाळीचा फराळ त्याच्यावरच झाला आणि आता तो ओट्यावर कायमचा आहे.

नेटवर कप-ग्रॅमचे तयार तक्ते भरपूर मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. अमेरिकन कप साधारण २३७ मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००. आपली वाटी तर घरोघरी वेगळी. म्हणून आधी स्वतःची वाटी मोजा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं. जितके ग्रॅम दिसतील तितके मिली. माझी रोजची वाटी १६० मिलीची निघाली. तिच्यात सपाट भरून साखर १३५ ग्रॅम, तांदूळ १३० च्या आसपास, रवा ११०, कणीक ८५ बसते. हा कागद फडताळाच्या दाराला आतून चिकटवलाय, आणि काट्याचे पैसे इथेच वसूल झाले असं मला वाटतं.

पिठांचं मात्र एका आकड्यावर भागत नाही. गिरणीतून नुकतं आलेलं पीठ मोकळं असतं, डब्यात बसलं की दबतं. मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर अमेरिकन कपात ११५ ग्रॅमच्या आसपास मावतो, डब्यात कप खुपसून काढला तर १४० च्याही पुढे जातो. केक कोरडा होण्यामागे बऱ्याचदा हाच फरक असतो. चकलीच्या भाजणीचंही तेच: भाजणी वजनावर घेतली की पाण्याचा अंदाज दर घाण्याला नव्याने करावा लागत नाही.

साखरेचं तर आवर्जून सांगते. एक वाटी साखर आणि एक वाटी पिठीसाखर यांत गोडी सारखी नसते. माझ्या वाटीत पिठीसाखर जेमतेम ९० ग्रॅम मावते. बेसनाच्या लाडवांना वाटीऐवजी ग्रॅममध्ये साखर लिहून ठेवली, तेव्हापासून बहिणीकडे आणि माझ्याकडे लाडू एकाच गोडीचे होतात.

उणिवा आहेत. चिमूटभर सोडा, मीठ, यीस्ट यांसाठी एक ग्रॅमने मोजणारा काटा कामाचा नाही. हळूहळू भुरभुरवलेलं तर कधीकधी तो धरतच नाही. तिथे ५ मिलीचा चमचा बरा. कणीक मळायला घेतली की मध्येच बंद होतो, मग परत शून्यापासून सुरुवात. मोठं पातेलं ठेवलं तर आकडा त्याखाली झाकला जातो, म्हणून घेताना आकड्यांची पट्टी पुढे आलेली बघून घ्या.

वरण-भात, उपमा, शिरा यांना मी काटा काढत नाही. एकाला दोन, एकाला अडीच हे प्रमाण कुठल्याही वाटीने जमतं, फक्त वाटी शेवटपर्यंत तीच हवी.