पंधरा दिवसांचं शिबिर, वर्षभराचा गट की घरचीच कामं?

मार्च उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. पूर्वी त्यात पोहणं, चित्रकला, किल्ल्यांची भटकंती असायची. आता सहसंवेदना, भावनिक बुद्धिमत्ता हे शब्दही दिसतात. आईबाबांची काळजी खरीच असते. मुलगी हुशार आहे, पण बुद्धिबळात हरली की पट उधळते. मुलगा चांगला आहे, पण मित्र सायकलवरून पडला की आधी हसतो. यासाठी वेळ आणि पैसा घालायचाच, तर कशात? पुण्यातले पर्याय शेजारी ठेवून पाहिले तर माझं मत स्पष्ट आहे. पहिला मान घरातल्या खऱ्या जबाबदारीला, दुसरा वर्षभर चालणाऱ्या गटाला. शिबिराला जरूर पाठवा, पण हौस म्हणून.

शिबिराची जमेची बाजू नाकारत नाही. निवासी शिबिरात पहिल्यांदाच आईशिवाय झोपलेलं, स्वतःचं ताट घासून आलेलं मूल घरी येतं तेव्हा त्याची मान जरा ताठ असते. आपल्या मुलाला माणसांत मिसळायला जमतंय का, हेही कळतं. पण दहा-पंधरा दिवसांत भांडण नीट पिकतसुद्धा नाही. ज्याच्याशी पटत नाही त्याला टाळून तेवढे दिवस आरामात काढता येतात, आणि मुलांना खरं शिकायचं असतं ते न टाळता येणाऱ्या माणसाबरोबर राहायला.

चौकशी करताना एक प्रश्न जरूर विचारा: मदत केल्याबद्दल बक्षीस किंवा स्टिकर देता का? फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली २० महिन्यांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मदतीबद्दल ज्यांना वस्तू मिळाली, त्यांनी पुढे इतर मुलांपेक्षा कमी मदत केली. कौतुकाच्या शब्दांनी मात्र असं काही बिघडलं नाही. ‘आजचा मदतनीस’ असा बिल्ला रोज वाटणाऱ्या ठिकाणी म्हणूनच मी मूल पाठवणार नाही.

वर्षभराच्या गटांची पुण्याला जुनी सवय आहे. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीची दलं, म्हणजे नियमित जमणारे मुलामुलींचे गट, शहराला माहीत आहेत. शोभा भागवतांनी सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात रोजच्या खेळालाच शिक्षणाचं मोल दिलं. अशा ठिकाणी ताई-दादा असतात, लहानमोठी मुलं एकत्र असतात आणि तीच मुलं पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटतात. परदेशातल्या शाळांमधल्या भावनिक शिक्षणाच्या २१३ कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडला. जे उपक्रम टप्प्याटप्प्याने, प्रत्यक्ष कृतीतून आणि नेमकं कौशल्य ठरवून चालले, त्यांचा परिणाम जास्त दिसला. बाहेरून तज्ज्ञ आणावे लागले असंही नाही, रोजच्या शिक्षकांनाही ते जमलं.

कोथरूडच्या एका मैदानावर असाच एक गट पाहत उभी होते. डॉजबॉल चालला होता. साधारण अकरा वर्षांचा एक मुलगा बाद होऊनही हटेना. ‘मला लागलंच नाही!’ समोरचे ओरडायला लागले. ताईने निकाल दिला नाही. वाद घालणाऱ्या दोघांना कट्ट्यावर बसवलं आणि बाकीच्यांचा खेळ चालू ठेवला. एकाने आपलं म्हणणं सांगायचं, दुसऱ्याने आधी तेच परत सांगायचं आणि मगच स्वतःचं. ‘तो म्हणतोय मी खोटारडा आहे.’ ‘असं नाही म्हटलं मी. तू माझं ऐकतच नव्हतास, म्हणून राग आला.’ थोड्या वेळाने दोघं मैदानात परतले, गाल फुगवूनच. समेट झालेला नव्हता, ताईनेही हात मिळवायला लावले नाहीत. पुढच्या शनिवारी दोघंही तिथेच असणार होते, आणि ताईसुद्धा.

ही ‘तीच ताई’ मला फार मोलाची वाटते. हवाई बेटांमधल्या काउआईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपणं अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलं मोठी होऊन सक्षम आणि माया करणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात एक समान गोष्ट दिसली, ती म्हणजे पाठीशी उभं राहणारं निदान एक माणूस. आजी, शेजारी, शिक्षक, कुणीही. म्हणून गट निवडताना तिथले ताई-दादा किती वर्षं टिकतात ते विचारा. दर तीन महिन्यांनी चेहरा बदलत असेल, तर छापील माहितीपत्रकाला अर्थ नाही.

वयात येणाऱ्या मुलांना मैदान नकोसं झालं असेल, तर नाटक बघा. मोहन आगाशे यांनी बर्लिनहून आणलेल्या ग्रिप्स नाट्यचळवळीने १९८६ पासून पुण्यात मुलांचे खरे प्रश्न रंगमंचावर आणले. थालिया गोल्डस्टीन आणि एलन विनर यांच्या २०१२ च्या अभ्यासात वर्षभर अभिनय शिकलेल्या मुलांची सहसंवेदना, इतर कला शिकणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेली दिसली. इथेही वर्षभराचीच गोष्ट. स्नेहसंमेलनासाठी घाईघाईने बसवलेल्या नाटकाकडून ही अपेक्षा नको.

आता घर. यासाठी फी नाही, म्हणून पालक ते पर्यायांत धरतच नाहीत. मुलाला असं काम द्या की ते झालं नाही तर दुसऱ्याचं अडेल. ओळखीच्या एका घरात आजीच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा नातू भरतो. रविवारी सकाळी पत्र्यांमधून गोळ्या काढायच्या, पांढरी रात्रीची, गुलाबी नाश्त्यानंतरची, आणि शेवटी आई एकदा तपासते. पंधरवड्यातच तो विचारायला लागला, ‘आजी, काल चक्कर आली होती का?’ खोली आवरण्यातून हे येत नाही, कारण पसाऱ्याचा त्रास फक्त आईला होत असतो.

दुसरं काम पालकांचं. मूल चिडलं की ‘एवढ्याशाने काय रडतोस’ म्हणण्याआधी त्याला काय वाटतंय त्याला नाव द्या: ‘टीममध्ये घेतलं नाही म्हणून अपमान वाटला का?’ मग पट उधळणं चालणार नाही, हेही तितक्याच शांतपणे सांगा. आणि आपण उगाच ओरडलो असू तर मुलाची माफी मागा. नातं बिघडलं तरी पुन्हा जोडता येतं, हे मुलाला प्रत्यक्ष दिसायला हवं. यावर मराठीत वाचायचं असेल तर १९८७ पासून पुण्यातून निघणारं ‘पालकनीती’ मासिक चांगली सोबत आहे.

एकुलतं एक मूल आणि दोघेही रात्री आठला घरी येणारे, असं असेल तर मी गट आधी निवडेन, तोही घराजवळचा. वाकडहून सदाशिव पेठेत आठवड्यातून तीनदा नेणं चार महिन्यांत बंद पडतं. घरात आजी-आजोबा, चुलत भावंडं असतील तर घाई नको. तेरा वर्षांपुढच्या मुलाला दोन-तीन जागा दाखवा आणि निवड त्याच्यावर सोडा.

मात्र मुलाची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, आवडत्या गोष्टीही आठवडेच्या आठवडे नकोशा झाल्या असतील, तर यातलं काहीही पुरेसं नाही. मग थेट समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगणं नको असल्याचं मूल बोललं तर एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं सोडू नका. २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येतं.