एफएमआरआयप्रेप, डिमेन्शियाच्या स्कॅन्सवर काही महिने वापरून

आधीच सांगते, एफएमआरआयप्रेप म्हणजे मेंदूचे एफएमआरआय स्कॅन विश्लेषणासाठी तयार करून देणारं टूल; फुकट आहे, दणकट आहे, सोडणार नाहीये. पण अल्झायमरवाल्यांचे रेस्टिंग स्कॅन (काहीही न करता नुसतं पडून असताना काढलेले) घेऊन बसणार असाल तर थोडं ऐका.

डॉकरवर (प्रोग्रॅम तयार डब्यातून चालवायची सोय) चढवणं सोपं, डेटा बिड्समध्ये (फाइलींची नावं आणि फोल्डर लावायची ठरलेली पद्धत) लावताना मात्र जीव जातो. फ्रीसर्फर (मेंदूच्या पृष्ठभागाचा नकाशा काढणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर एकेका माणसाला कित्येक तास, त्यामुळे रात्री लावायचं आणि झोपायचं. प्रत्येकाचा एचटीएमएल रिपोर्ट येतो ना, ती याची खरी कमाई, आणि इथे तो उघडून बघावाच लागतो, कारण व्हेंट्रिकल्स (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) फुगलेली, हिप्पोकॅम्पस (स्मृतीचा भाग) आकसलेला, आणि हे सगळं ताणून बसवायचं कशावर, तर तरुण मेंदूंच्या सरासरीतून बनलेल्या एमएनआय टेम्प्लेटवर! कडा जरा सरकल्या की प्रीक्युनियस (मेंदूचा मागचा, आतल्या बाजूचा भाग) म्हणून ज्याची सरासरी काढताय त्यात पाणीच जास्त, आणि वर आपण लिहिणार कनेक्टिव्हिटी (मेंदूच्या भागाभागांतली जोडणी) घटली. घटलं काय, जोडणी की ग्रे मॅटर (मेंदूतला पेशींचा भाग)?

खरी डोकेदुखी हालचालीची. टूल कन्फाउंड्सची (हालचालीसारख्या, सिग्नल बिघडवणाऱ्या गोष्टींची) लांबलचक टीएसव्ही फाइल, म्हणजे आकड्यांचा तक्ता, हातात देतं, साफसफाई तुमची तुम्ही करा. 2012 मध्ये संशोधक पॉवर आणि मंडळींनी दाखवलंय की मिलिमीटरपेक्षा कमी हललं तरी लांबच्या जोडण्या कमजोर दिसतात आणि जवळच्या जोरदार. आता डिफॉल्ट मोडमधल्या (माणूस निवांत असताना एकत्र चालणारं मेंदूच्या भागांचं जाळं) लांबच्या जोडण्या ढिल्या पडतात हेच तर आपल्याला अल्झायमरमध्ये दाखवायचं असतं, आणि पेशंट जितका आजारी तितकं त्याला शांत पडून राहणं अवघड. हालचालीवर 0.5 मिमीची रेषा कडक लावली की नेमके जास्त आजारी लोक गळतात, ढील दिली की हालचालच मोजत बसा. ग्लोबल सिग्नल (सगळ्या मेंदूचा सरासरी सिग्नल) काढून टाका म्हणाल, तर हालचालीचा परिणाम बराच उतरतो खरा, पण निगेटिव्ह कोरिलेशन्स (एकाचा सिग्नल वाढला की दुसऱ्याचा घटतो असे संबंध) उगवतात आणि मग रिव्ह्यूअरशी भांडण ठरलेलं. मी दोन्ही करून दोन्ही आकडे देते.

एडीएनआय (अल्झायमरवरचा मोठा अनेक-सेंटरचा अभ्यास) वापरणाऱ्यांनो, दुसऱ्या टप्प्यातले रेस्टिंग स्कॅन फिलिप्सचे, टीआर (मेंदूच्या एका पूर्ण चित्राचा वेळ) 3 सेकंद, 140 व्हॉल्यूम (अशी चित्रं), म्हणजे जेमतेम 7 मिनिटं. तिसऱ्या टप्प्यात सीमेन्स आणि जीईही आले. एकत्र चालवलंत तर टूल हूं की चूं करत नाही, ते त्याचं कामही नाही. नंतर कॉम्बॅट (स्कॅनरस्कॅनरमधला फरक आकडेमोडीने काढायची पद्धत) लावता येतं, पण एखाद्या सेंटरवर नुसते पेशंटच असतील तर स्कॅनरच्या फरकाबरोबर आजारही धुतला जातो, तेव्हा आधी सेंटरवार टेबल काढून बघा.

पाचपैकी चार स्टार. टेम्प्लेट आपलं आपण देता येतं म्हणून चार, नाहीतर तीनच दिले असते.