सौंदत्ती: दर्शनापुरते नव्हे, मुक्कामाचे गाव

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून यल्लमाच्या डोंगरावर जाणारी बहुतेक मराठी कुटुंबे पहाटे निघतात, दर्शन घेऊन परड्या भरतात, कुंकू आणि भंडारा बांधून घेतात आणि दिवस मावळण्याच्या आत परतीच्या वाटेला लागतात. डोंगरापासून चार-पाच किलोमीटरवर असलेले सौंदत्ती हे तालुक्याचे गाव आणि त्याच्या पश्चिमेला पसरलेला मलप्रभेचा जलाशय त्यांच्या वाट्याला केवळ गाडीच्या खिडकीतून येतो. येथे राहण्याची, जेवण्याची आणि फिरण्याची सोय कशी आहे, हे मुक्काम करून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की सोयी मध्यम असल्या तरी सौंदत्तीला किमान एक रात्र राहायलाच हवे, आणि त्याचे मुख्य कारण तेथले पाणी आहे.

आम्हा खानापूरकरांना त्या पाण्याविषयी विशेष आपुलकी वाटते, कारण ते आमच्याच दारावरून गेलेले असते. खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे माउलीच्या देवळापाशी उगम पावलेली मलप्रभा घाटमाथ्याचा पाऊस पोटात घेऊन असोगा आणि खानापूरवरून पूर्वेकडे जाते, तांबड्या मातीतून काळ्या मातीत शिरते आणि सौंदत्तीजवळ वालुकाश्माच्या डोंगररांगेला येऊन भिडते. त्या रांगेतील एका अरुंद खिंडीतून नदी उत्तरेकडे बाहेर पडते. ती खिंड म्हणजेच नविलुतीर्थ. १९७२ मध्ये पूर्ण झालेले धरण याच खिंडीत आहे आणि त्याच्या मागे साठलेल्या पाण्याला रेणुकासागर हे नाव आहे. डोंगरानेच दोन्ही बाजूंनी आधार दिल्यामुळे बांध लांबीला फार नाही, मात्र त्याने अडवलेल्या पाण्याची क्षमता सुमारे ३७.७३ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. हुबळी-धारवाडचे पिण्याचे पाणी आणि नवलगुंद, नरगुंद भागांतील कालव्यांखालची शेती या साठ्यावर अवलंबून आहे. सौंदत्तीत स्वतः पाऊस बेताचाच पडतो, तरीही जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी आणि जांबोटीकडे संततधार लागली की येथील पाणी चढू लागते. तळ्याकाठी उभे राहिल्यावर आपल्याकडच्या पावसाचे पुढे काय होते ते डोळ्यांसमोर दिसते, आणि म्हादईच्या खोऱ्यातून मलप्रभेत पाणी वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रश्नावर, ज्यात २०१८ मध्ये लवादाने ३.९ टीएमसी पाणी वळवण्यास मान्यता दिली, या भागातील माणसे एवढ्या तळमळीने का बोलतात हेही उमगते.

डोंगरावरच्या देवीचीही कथा याच नदीची आहे. जमदग्नी ऋषींची पत्नी रेणुका, म्हणजेच यल्लमा, रोज मलप्रभेवर जात असे, वाळूचा घडा घडवत असे, सर्पाची चुंबळ करून तो डोक्यावर घेत असे आणि आश्रमात पाणी आणत असे, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे. ही कथा लहानपणापासून ऐकणाऱ्या भाविकाने नदी न पाहताच परत जावे, हे मला खरोखर अपुरे वाटते. दर्शन सकाळी आटोपून दुपार ओसरल्यावर जलाशयाच्या काठी जावे. त्या वेळी ऊन तिरपे झालेले असते, पाण्यापलीकडच्या टेकड्या स्पष्ट दिसू लागतात आणि डोंगरावरच्या गर्दीनंतर मनाला फार मोठा विसावा मिळतो.

प्रवासाची सोय चांगली आहे. सौंदत्तीला रेल्वे नाही. सोयीचे मोठे स्थानक धारवाडचे. मात्र बेळगावहून बैलहोंगलमार्गे आणि धारवाडहून बसगाड्या मिळतात, आणि गावातून डोंगरावर जायला बस व वडाप (भाड्याच्या प्रवासी गाड्या) दोन्ही आहेत. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवासाची शक्ती योजना सुरू झाल्यापासून आमच्या भागातील आयाबाया गटागटाने डोंगराला जाऊ लागल्या आहेत. ही मोठी चांगली गोष्ट आहे, परंतु मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही, हे वयस्कर माणसांना घेऊन निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. कोल्हापूरकडून येणाऱ्या भगिनींनी मात्र तिकिटाचे पैसे जवळ ठेवावेत, कारण ही सवलत कर्नाटकातील रहिवाशांपुरती आहे.

राहण्याच्या सोयीबद्दल मी तितक्या समाधानाने लिहू शकत नाही. गावात लॉज आहेत आणि एरवी खोली सहज मिळते, पण अंथरूण-पांघरुणाची स्वच्छता, न्हाणीघरातील निचरा आणि सकाळचे गरम पाणी या तिन्ही बाबतींत खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ज्या लॉजमध्ये आम्ही उतरलो तेथे फोनवर सांगितलेला दर आणि आल्यानंतर मागितलेला दर यांत बरीच तफावत होती. बरोबर म्हातारी आई असल्यामुळे आम्ही वाद वाढवला नाही, तरी देवाच्या गावी आलेल्या माणसाशी असा व्यवहार होऊ नये असे मनापासून वाटते. यात्रेच्या दिवसांत तर दर ठरलेला असा नसतोच. मार्गशीर्षापासून माघापर्यंतच्या पौर्णिमांना कोल्हापूर, सांगली आणि आपल्या सीमाभागातून लाखो माणसे डोंगरावर उतरतात, तेव्हा मुक्कामाचा विचार न केलेला बरा.

जेवणाच्या बाबतीत मात्र सौंदत्तीला पूर्ण गुण द्यावे लागतील. बसस्थानकाच्या परिसरातील साध्या खाणावळींत पांढऱ्या ज्वारीची भाकरी डोळ्यांसमोर थापली जाते, आणि ती तव्यावरून ताटात पडेपर्यंत तिच्यातील वाफही निवत नाही. तिच्याबरोबर तेलावर परतलेले भरले वांगे, मोड आलेल्या मटकीची उसळ, झुणका, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, वर दही, कच्चा कांदा आणि मेथीची कोवळी पाने असतात. अंबाडीची आंबट भाजी मिळाली तर ती मुद्दाम मागून घ्यावी. काळ्या मातीतील ज्वारीला जी गोडी असते ती आमच्या भातखाऊ मुलखात मिळत नाही, आणि याच कारणाने एरवी भाताशिवाय जेवण पुरे न मानणारी माझी आई तेथे भाकरीवरच तृप्त झाली. वाढणारी माणसे कानडी बोलतात, पण शेजारच्या ताटावर मराठी ऐकू आले की तितक्याच सहजतेने मराठीत ‘अजून एक घ्या’ असा आग्रह करतात. संध्याकाळी गिरमिट (चुरमुऱ्यांचा चटकदार पदार्थ) आणि मिरची भजी खावीत. डोंगरावरील हॉटेलांतील जेवण याच्या तुलनेत घाईचे आणि महाग आहे. तेथे चहापलीकडे काही घेऊ नये.

ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांना सकाळचा वेळ गावातच घालवता येईल. जुन्या शिलालेखांत सुगंधवर्ती म्हटलेले हे गाव रट्ट राजांची राजधानी होते. १३व्या शतकाच्या सुरुवातीस त्यांनी आपले ठाणे वेणुग्रामास, म्हणजे आपल्या बेळगावला हलवले. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ मधील कमल बस्ती हे जैन मंदिर उभारणारा बिचिराज हा याच घराण्यातील चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री. बेळगावचा माणूस कमल बस्ती अभिमानाने दाखवतो, पण तिचे मूळ सौंदत्तीत आहे हे त्याला क्वचितच ठाऊक असते. गावातील रट्टकालीन अंकेश्वराचे देऊळ आणि शिरसंगीच्या देसायांनी १८व्या शतकात बांधलेला किल्ला पाहण्याजोगा आहे, परंतु दोन्हीकडे माहिती देणारी व्यवस्था अगदीच तोकडी आहे. बेळगावचे लिंगराज महाविद्यालय ज्यांच्या नावाने आहे ते लिंगराज देसाई याच तालुक्यातील शिरसंगीचे. स्वतःचे वाहन असल्यास हूली गावच्या पंचलिंगेश्वराच्या देवळाकडेही जाऊन यावे.

डोंगरावरील व्यवस्थेविषयी थोडेच लिहितो. जोगळभावी या कुंडावर हात-पाय धुऊन वर जाण्याची रीत आहे. त्या कुंडाच्या स्वच्छतेकडे अधिक लक्ष हवे. रांगेची शिस्त एरवीच्या दिवशी बरी असते. चौंडके हे तंतुवाद्य वाजवत गाणाऱ्या जोगतिणी, म्हणजे देवीला सोडलेल्या स्त्रिया, दिसतात. मुलींना देवाला सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी घातली, पण त्या प्रथेत ज्यांचे आयुष्य गेले अशा वृद्ध स्त्रिया आजही तेथे परडी घेऊन बसलेल्या असतात. त्यांचा फोटो काढण्यापूर्वी विचारावे आणि त्यांच्याशी आदराने बोलावे, एवढी अपेक्षा आपल्या लोकांकडून ठेवणे रास्त आहे.

शेवटी पुन्हा तळ्याकडे येतो, कारण तक्रार करावी अशी सर्वांत मोठी बाब तेथेच आहे. एवढे मोठे पाणी गावाला लाभलेले असताना, आम्ही गेलो त्या काठावर म्हाताऱ्या माणसाला टेकायला साधा बाक नव्हता, सावलीचे झाड शोधावे लागले आणि भाविकांनी टाकलेली प्लास्टिकची ताटे व जुने कपडे चिखलात रुतलेले होते. पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा गाळ वरून कोरडा दिसला तरी आत मऊ असतो, त्यामुळे मुलांना काठापासून दूर ठेवावे आणि अनोळखी जागी पोहण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले जातात तेव्हा खालच्या अंगाला असलेल्या मुनवळ्ळीकडे नदीच्या पात्रात उतरू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे आणि पुढे रामदुर्गापर्यंत पुराने केलेली हानी लोक अजून सांगतात. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जलाशय भरलेला, हवा सौम्य आणि लॉजचे दर आवाक्यात असतात. त्या काळात सोमवारी किंवा बुधवारी पोहोचावे, सकाळी लवकर दर्शन घ्यावे, दुपारी गावात भाकरी खावी, संध्याकाळ पाण्याजवळ काढावी आणि दुसऱ्या दिवशी हूली पाहून धारवाडमार्गे परतावे. वृद्ध माणसे बरोबर असतील तर बसायला सतरंजी आणि प्यायला पाणी घरूनच न्यावे.